भाव ठरवणारे संगणक

निकाल बाजूने लागला, तरी शैलजाताई हेरवाडेंच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. इचलकरंजीत कापड रंगवणाऱ्या सगळ्या कारखानदारांच्या वतीने त्या वर्षानुवर्षं हा दावा लढत होत्या. रसायन कंपन्यांच्या संगणकांनी, एकाही माणसाला कळू न देता, आपसात संगनमत करून भाव चढवले होते. कोर्टाने आज ते संगणक बंद करायला लावले.

बाहेर एका कंपनीचा मॅनेजर त्यांच्यापाशी आला. "मॅडम, भाव कसा ठरवतात हे आमच्यात आता कुणालाच ठाऊक नाही. तुम्हीच सांगा, कॉस्टिक सोडा कितीला देऊ?"

"मला नको. माझा कारखाना कधीच बंद पडला. बॉयलरसुद्धा विकला."

"मग इतकं लढलात कशासाठी?"

"केस टाकली तेव्हा चालू होता," म्हणत त्या सावकाश पायऱ्या उतरू लागल्या.