उतरता ढोल

कासार आंबोलीच्या बंगल्यात कौस्तुभच्या छोट्या ऑपेराचा प्रयोग चालला होता. म्हसू धनगराचा ढोल त्याने आधीच रेकॉर्ड करून कॉम्प्युटरच्या आवाजांत मिसळला होता, म्हणून म्हसू आज बायकोशेजारी, सुंदराशेजारी, रिकाम्या हातांनी बसला होता.

ढोल चढला आणि सुंदराच्या अंगात बिरोबा आला. लोकांना वाटलं, हाही प्रयोगाचाच भाग. टाळ्यांचा कडकडाट झाला. एरवी म्हसू तिच्याकडे बघत ढोल हळूहळू उतरवत आणायचा, मगच देव अंगातून जायचा.

"सायेब, दमानं उतरवा! एकदम तोडू नगा!" म्हसू ओरडला.

घाबरलेल्या कौस्तुभने खाडकन लॅपटॉप मिटला.



तेव्हापासून म्हसू रोज सुंदरापुढं बसून ढोल हळूहळू उतरवत आणतो, आणि ती घुमतच राहते.