काढून टाकलेलं मशीन

रीबूट केल्यापासून ऑफिसचे सगळे व्हर्च्युअल सर्व्हर गोगलगायीसारखे सुरू होत होते आणि साहेब ते सांभाळणाऱ्या त्याच्या मानगुटीवर बसले होते. एकेकाच्या नोंदींचा लॉग चाळला तेव्हा कुठे त्याला भानगड कळली. प्रत्येक सर्व्हर उठला की आधी एका जुन्या मशीनला हाक मारायचा आणि उत्तर येईना म्हणून ताटकळत बसायचा. ते मशीन गेल्या वर्षीच काढून टाकलं होतं. सर्व्हरना तेवढं सांगायचं राहून गेलं होतं.

"म्हणजे जे नाहीच, त्याची वाट बघतायत? वेडेच आहेत की!" साहेब हसले.

तोही हसल्यासारखं हसला. सेटिंगमधली त्या जुन्या मशीनची ओळ त्याने पुसली, तसे सगळे सर्व्हर चुटकीसरशी सुरू झाले.

संध्याकाळी घरी येऊन त्याने बेल वाजवली आणि दारात उभा राहिला. बऱ्याच वेळाने शेजारच्या काकूंनी आपलं दार किलकिलं केलं.

"आजही? अरे, बायको जाऊन वर्ष झालं तुझी. किल्ली नाही का तुझ्याकडे?"

"आहे की काकू, खिशातच आहे."



आणि त्याने पुन्हा बेल वाजवली.