डब्यावरचा कागद

नांदेडच्या यार्डात व्यंकटी बारा वर्षांपासून रेल्वेचे डबे धुतो. डब्यावर चिकटवलेला कागद दिसला की खरवडून काढायचा, ही तिथली शिस्त. त्यात हरवलेल्या माणसांचे कागदही जायचे, पण व्यंकटीचा हात कधी अडला नव्हता.

गेल्या आठवड्यात त्याची विसरभोळी माय, पंचफुलाबाई, स्टेशनातून कुठल्याशा गाडीत बसून गेली. मग त्यानंच लातूरच्या गाडीला, बाहेरून दाराशेजारी, तिचा फोटो चिकटवला अन् खाली आपला मोबाइल नंबर लिहिला. साबणाच्या पाण्याचा जोर त्याला ठाऊक, म्हणून वरून रुंद चिकटपट्टी मारली. जोडीदारांपुढं हात जोडले, "एवढा कागद ठिवा बाबांनो. माय हाय माझी."

चौथ्या दिवशी ती गाडी त्याच्याच पाळीत धुवायला आली. पाळीत मोबाइल जवळ ठेवायला मनाई, म्हणून तो रोजच्यासारखा बंद करून कपाटात ठेवलेला. फेसाळ पाण्याचा फवारा मारत मारत तो त्या दाराशी पोचला. कागदाला काहीच झालं नव्हतं.

"तुझी पट्टी लई पक्की हाय बघ," शेजारी घासत असलेला शेषेराव म्हणाला.

व्यंकटी जवळ गेला. गुळगुळीत पट्टीवर कुणीतरी स्केचपेननं लिहिलेलं होतं, अन् ते फेसाबरोबर निळं होऊन खाली ओघळत होतं. वरच्या दोनच ओळी वाचता आल्या.



"तुमचा फोन बंद लागतो, म्हणून हितं लिहून राहिलो. माय आमच्या घरी सुखरूप हाय. गाव"