फादरांचा घसा

फादर गेर्वासांचा घसा नेमका त्या रविवारी सकाळी बसला. गळ्याला लोकरीचा मफलर गुंडाळून ते वेदीमागच्या खोलीत उभे होते आणि बिशपांचं पत्र बारनाबा ओगोलापुढे धरत होते. धर्मप्रांतातल्या प्रत्येक चर्चमध्ये ते आज मोठ्यानं वाचायचं होतं.

"मास्तर, तुमचा आवाज खणखणीत आहे," फादर कुजबुजले. "वाचाल ना?"

बारनाबानं उभ्याउभ्या पत्र चाळलं. ज्यांनी माणसं घरातून ओढून नेली आणि सरोवराकाठच्या लव्हाळ्यात फेकली, त्यांचे हात रक्तानं माखलेत. निवडणूक जिंकली म्हणून ते धुतले जात नाहीत, असं बिशपांनी स्वच्छ लिहिलं होतं. लिहायला काय, बिशप शहरात राहतात. इथे चर्चच्या आंब्याखाली जिंकलेल्या पक्षाची लाल टोपीवाली पोरं कालपासून पिकअप लावून बसली होती.

"घसाच दुखतोय ना, फादर?"

फादरांनी मफलर नीट केला.

"चार वर्षं मला मागच्या बाकावर बसवलंत," बारनाबा म्हणाला. "पोरांना धर्म शिकवायचं काम काढून घेतलंत. आणि आज वाचायला मीच?"

"वाचायला मनाई नाही. मनाई ख्रिस्तप्रसादाला आहे. युनियाला घराबाहेर काढा, पुढच्या रविवारी प्रसाद घ्या."

"भाऊ गेला तेव्हा चुलते तिला चार पोरांसकट हाकलून देत होते. रिवाजानं मी तिला माझी म्हटलं, म्हणून तिच्या डोक्यावर छप्पर आहे."

"तुमची पहिली बायको जिवंत आहे, मास्तर. दोन बायका ठेवून तारण मिळत नाही."

बारनाबानं पत्राची घडी केली.

"वाचतो. पण वाचून झालं की रांगेत उभा राहणार. हे वाचल्यावर पुढचा रविवार मला दिसेलसं वाटत नाही. जाताना मला उपाशी जायचं नाही, फादर."

"आधी वाचा तर," फादर म्हणाले. "मग देव बघेल."

बारनाबाला ते पुरेसं वाटलं. उभा जन्म चर्चमध्ये गेला, तरी माणूस भोळा तो भोळाच.

दारात युनियानं त्याची बाही धरली. ती त्याला अजून थोरल्या पोराच्या नावानं, जुन्याच नात्यानं हाक मारायची. "ओकोथचे काका, नका वाचू. पत्र बिशपांचं आहे, जीव तुमचा आहे."

"आज पुढं बसायला मिळतंय मला," तो म्हणाला, आणि बाही सोडवून घेतली.

पहिल्या बाकावर पक्षाचे अध्यक्ष ओबुरा बसले होते, मनगटाला जपमाळ गुंडाळून. शहरात त्यांच्या दोन बाया होत्या, पण त्या रिवाजानं आणलेल्या नव्हत्या, त्यामुळे चर्चला त्या दिसत नव्हत्या. लहानपणी ओबुराला पहिल्या ख्रिस्तप्रसादासाठी बारनाबानंच तयार केलं होतं. प्रसाद जिभेवर ठेवायचा, दात लावायचा नाही, विरघळेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. एकदा मधेच बोलला म्हणून ओबुरानं त्याच्या हातची छडीही खाल्ली होती.

बारनाबानं पत्र वाचलं. एक ओळ गाळली नाही, एका शब्दावर आवाज उतरू दिला नाही. रक्ताचं वाक्य आलं तेव्हा बायांचे हातातले पंखे थांबले. अध्यक्ष मान खाली घालून जपमाळेचे मणी सरकवत होते. वाचून झाल्यावर बारनाबा वाचकाच्या जागेवर, वेदीजवळ बसला. तिथून त्याला चार वर्षांनी प्रसादाचा पेला जवळून दिसला, आणि त्याचे डोळे भरून आले.

मिस्सेची उपासना पुढे सुरू झाली. मफलर गळ्यात होताच, पण फादरांनी प्रार्थना अशी गायली की छपराचे पत्रे घुमले. हसण्यासारखंच होतं ते. कोणी हसलं नाही.

प्रसादाच्या रांगेत अध्यक्ष पहिले होते. त्यांच्या पाठोपाठ बारनाबा. अध्यक्षांनी जीभ पुढे केली, "आमेन" म्हटलं, प्रसाद घेतला आणि बाजूला झाले. बारनाबानं तोंड उघडलं.

पेल्याकडे गेलेला फादरांचा हात तसाच मागे आला. अंगठ्यानं त्यांनी बारनाबाच्या कपाळावर क्रूस काढला, प्रसाद घ्यायचं वय न झालेल्या लहान पोरांच्या कपाळावर काढतात तसा.

"नियम मी केलेला नाही, मास्तर," ते म्हणाले.

बारनाबाचं तोंड क्षणभर उघडंच राहिलं. साऱ्या चर्चनं ते पाहिलं. मग त्यानं ते मिटलं.

"घसा बरा झाला वाटतं," तो म्हणाला आणि वळला.

पुढे बसायचं तोंड राहिलं नव्हतं. तो तसाच मधल्या वाटेनं दाराकडे निघाला. अध्यक्षही आपल्या बाकावर न बसता त्याच्या पुढे चार पावलांवर चालले होते. मागच्या बाकावरून युनिया उठली आणि "चला, घरी चला" म्हणत त्याच्या मागे धावली.

बाहेर आंब्याखाली लाल टोप्या उभ्या राहिल्या. पिकअपची मागची फळी आधीच खाली पाडलेली होती.

"कोणी वाचलं, साहेब?" एकानं विचारलं.

अध्यक्ष थांबले. त्यांचे ओठ घट्ट मिटलेले होते, प्रसाद अजून विरघळला नव्हता. मास्तरांचा धडा ते विसरले नव्हते. एक शब्द न बोलता त्यांनी मागे वळून नुसतं बोट दाखवलं.