होडी, पतंग की दिवा

“घरात कॉम्प्युटर आहे ना?” दारातल्या मुलीने विचारलं.

“आहे की,” मावशी म्हणाल्या.

नव्हता. मावशींच्या दोन खोल्यांत एक शिलाई मशीन होतं, चिंध्यांनी भरलेली ट्रंक होती आणि बटणांचा साधा फोन होता. चाळीस वर्षं त्यांनी अख्ख्या गल्लीचे कपडे शिवले. मग हात थरथरायला लागला, सुईत दोरा जाईना, काम बंद झालं. तेव्हापासून दार वाजलंच, तर कुणीतरी घर चुकलेलं असायचं.

ही मुलगी पाहणीच्या कामावर होती. इंटरनेट बघायला लोक कोणता ब्राउझर वापरतात, तोच का, दुसरा का नको, हे तिला दहा घरांत विचारायचं होतं. आणि त्याच दहा घरांत वर्षभर, दर महिन्याला. नऊ घरं मिळाली होती. दहावं संध्याकाळपर्यंत मिळालं नाही तर काम दुसऱ्या कुणाला देतील, हे तिने दारातच पाणी पिता पिता सांगून टाकलं होतं. आज चौदा जणांनी तोंडावर दार लावलं, हेही.

मावशींनी तिला आत बसवलं. फॉर्मवर तीन ब्राउझरची चिन्हं छापली होती: होडी, पतंग आणि दिवा. त्यांनी होडीवर बोट ठेवलं. का, असं विचारल्यावर सवयीची आहे म्हणाल्या. मुलीने लिहून घेतलं, सही घेतली आणि इतक्या मनापासून आभार मानले की मावशींना सहीची शाई बोटाला चिकटल्यासारखी वाटली.

खोटं एकदाच, त्यांनी ठरवलं. पुढची उत्तरं खरी द्यायची.

दुसऱ्या दिवशी त्या वाचनालयात गेल्या. तिथल्या ग्रंथपालबाई त्यांच्या जुन्या गिऱ्हाईक. बाईंनी फारसं न विचारता कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर तिन्ही ब्राउझर घालून दिले. नुसता माउस धरायला शिकण्यात पंधरा दिवस गेले. मावशींच्या हाताबरोबर पडद्यावरचा बाणही थरथरायचा. पण शिलाई मशीनवरही पहिला महिना त्यांनी नुसता दोराच तोडला होता.

दुसऱ्या महिन्यात मुलगी आली तेव्हा मावशी तयारीत होत्या. एकच पान त्या तिन्ही ब्राउझरमध्ये उघडून बघत होत्या, कापड उजेडात धरून बघावं तसं. होडी झपकन चालते, पण घाईची शिलाई आहे, आतून धागे लोंबतात, असं त्यांनी सांगितलं. सगळीकडे जाहिराती. पतंग दिसायला झोकदार, पण त्याची बटणं दर चार दिवसांनी जागा बदलतात. दिवा संथ. मात्र अक्षर मोठं केलं तरी ओळ तुटत नाही, आणि हात थरथरून एखादं पान बंद झालं तर मुकाट्याने परत आणून देतो.

तिसऱ्या महिन्यात त्यांनी होडी सोडून कायमचा दिवा धरला. मुलीला हसू आवरेना. दहा घरांत असं कुणीच बोलत नाही, बाकीचे फॉर्म ती भरते आणि हा वाचते, असं म्हणाली.

चौथ्या महिन्यापासून ती रविवारी यायला लागली. काम वाढलं असेल, मावशींना वाटलं. फॉर्मही लांबला होता. सही मागत नव्हते, पण बसून पाठ दुखते का, दुपारचं जेवण वेळेवर होतं का, या महिन्यात वाचलेल्यातलं सगळ्यात काय आवडलं, असलं काहीबाही विचारायचे. कंपनीवाले भलतेच चौकस निघाले. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात, हे आवडलं, असं मावशींनी सांगितलं. मुलीने तेही लिहून घेतलं.

ती एका खोलीत एकटी राहायची. रविवारी मावशी दोघींचा स्वयंपाक करू लागल्या. उत्तरं जेवता जेवता व्हायची. इतर दिवशी त्या वाचनालयात असायच्या. तिथे चार ओळखी झाल्या, आणि ब्राउझरचं काही अडलं की लोक त्यांनाच विचारू लागले.

हे सगळं या पोरीमुळे, असं त्यांना रोज वाटायचं, आणि रोज ते पहिलं खोटं टोचायचं. वर्ष संपलं की सांगून टाकू, असं म्हणत त्यांनी दिवस काढले.

बाराव्या महिन्यात मुलगी आली ती खुशीतच. पाहणी आणखी एक वर्ष चालणार आहे म्हणाली. मावशींच्या हातातली वाटी खाली आली.

“बाळ, माझ्याकडे कॉम्प्युटर नाही,” त्या म्हणाल्या. “कधीच नव्हता. तुझं काम जाऊ नये म्हणून तेव्हा खोटं बोलले. पुढचं सगळं वाचनालयात बसून शिकले. तू आली नसतीस तर मी या घरातून बाहेर पडले नसते, त्याचे आभार कसे मानू तेही कळत नाही. पण तुझ्या साहेबांना सांग, माझं घर यादीतून काढा. उद्या तुला बोल लागायला नको.”

मुलीने पेन खाली ठेवलं. ती फॉर्मची घडी घालत राहिली, उलगडत राहिली.

“कुठल्या साहेबांना सांगू, मावशी?” ती शेवटी म्हणाली. “पाहणी तिसऱ्या महिन्यातच बंद पडली. पुढचे सगळे प्रश्न माझेच होते.”