माशीला लिव्हर नसतं

"तुझी चिलटं सुटली गं," आई फरशी पुसता पुसता ओरडली. "दादाच्या बॅगेवर बसलीत."

"चिलटं नाहीत, फळमाश्या आहेत," धाकटी सवयीने म्हणाली. "आणि सुटणार नाहीत. बुचं घट्ट आहेत."

ती खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत फेऱ्या मारत होती. हॉस्पिटलची गाडी यायची होती आणि येत नव्हती. बाबा आरामखुर्चीत डोळे मिटून पडले होते. दादा सोफ्यावर बसून पाय हलवत होता. इतका, की टेबलावर ठेवलेल्या तिच्या काचेच्या नळ्या किणकिणत होत्या.

"पाय थांबव रे."

"थांबलाच आहे."

पुढचे काही दिवस प्रयोगशाळेत जाता येणार नाही, म्हणून तिने नळ्या घरी आणल्या होत्या. प्रत्येक नळीत खोबरेल तेल घातलेलं खाणं आणि त्यावर सुस्तावलेल्या माश्या. माशीला लिव्हर नसतं. ते काम तिच्या अंगातली चरबीच करते. तरी तेल-साखर चारत राहिलं की तिला हुबेहूब माणसाच्या फॅटी लिव्हरसारखा आजार होतो. धाकटी चार वर्षं हा आजार माश्यांना लावायला झटत होती. तोपर्यंत घरात बाबांनी तो कुठल्याही शिष्यवृत्तीशिवाय करून दाखवला.

बाबांनी आयुष्यात दारूचा थेंब घेतला नव्हता. पण लिव्हर गेलं म्हटल्यावर गल्लीने त्यांना परस्पर बेवडा करून टाकलं. शेजारचे काका तर घरी येऊन हात जोडून म्हणाले, "आता तरी सोडा."

"सोडली," बाबा म्हणाले. वाद घालण्यापेक्षा ते सोपं होतं.

उद्या दादाच्या लिव्हरचा तुकडा बाबांना बसवायचा होता. घरात त्याचंच जुळलं. आज दोघांची शेवटची तपासणी. अट एकच, दोघांपैकी कुणीही थेंबभर जरी घेतली तरी ऑपरेशन रद्द. डॉक्टरांनी हे बाबांकडे बघून सांगितलं होतं. दुसरी तारीख मिळेपर्यंत बाबा थांबू शकणार नाहीत, हे मात्र कुणाकडेच न बघता.

धाकटीने बॅगेवरची एक माशी रिकाम्या नळीत पकडली आणि खिशातलं भिंग काढलं.

"माझी नाही ही. माझ्या सगळ्या पांढऱ्या डोळ्यांच्या आहेत. हिचे लाल आहेत. ही बाहेरची."

"बाहेरची कशाला येईल?" आई म्हणाली. "घरात एक फळ ठेवलं नाही मी. तीनदा फिनेलने पुसलंय."

ते खरं होतं. फिनेलपुढे माणसाच्या नाकाला दुसरं काही कळायची सोयच नव्हती. पण फळमाशी उगाच येत नाही. ती सडलेल्या फळाला येते, नाहीतर दारूला. धाकटीने बॅगेकडे पाहिलं.

"दादा, बॅग उघड."

"कपडे आहेत त्यात."

"माश्यांना कपड्यांची आवड नसते."

तो हलला नाही. मग तिनेच चेन ओढली. सगळ्यात खाली टॉवेलात गुंडाळलेली बाटली होती. झाकण वाकडं बसलेलं, टॉवेल ओला, बाटली अर्धी.

दादाचा पाय थांबला. नळ्या किणकिणायच्या थांबल्या. आई हातातलं फडकं पिळत राहिली. त्यातलं पाणी कधीच संपलं होतं.

"मला झोप लागत नव्हती गं," दादा म्हणाला. "डोळे मिटले की ते कापतायत असंच..."

"अरे, सापडली का?"

बाबा आरामखुर्चीतून उठत होते. बूट त्यांनी सकाळीच घालून ठेवले होते. "कालपासून शोधतोय."

"काय शोधताय?" आईने विचारलं.

"बाटली. माझी आहे. त्याच्या बॅगेत लपवली होती. माझी बॅग तू सतरा वेळा उचकतेस."

"बाबा, काहीतरीच काय," धाकटी म्हणाली.

"चार वर्षं माश्यांचे डोळे बघतेस, बापाचं व्यसन नाही दिसलं तुला. अख्ख्या गल्लीला माहीत आहे."

"तुमच्या रक्तात काही सापडणार नाही. दादाच्या सापडेल. मग सगळ्यांना कळेलच."

बाबांनी यावर नीट विचार केला. शाळेत कुणी बरोबर चूक दाखवली की मास्तर करतात तसा.

"हे रास्त आहे," ते म्हणाले.

त्यांनी तिच्या हातून बाटली घेतली, झाकण काढलं आणि तोंडाला लावली. "अहो!" म्हणेपर्यंत मोठा घोट खाली उतरला होता.

"झालं. आता तपासायचं तर माझं तपासा. त्याचं रक्त घ्यायची गरज..."

पुढचं ठसक्यात गेलं. ठसका थांबेना. डोळ्यांतून पाणी, नाकातून दारू. एका हाताने ते खुर्ची शोधत होते आणि दुसऱ्या हाताने बाटली कुणालाच देत नव्हते. खाली गाडीचा हॉर्न वाजला.

दादा उठला. त्याने बाबांची बोटं एकेक करून बाटलीवरून सोडवली, त्यांना खुर्चीत बसवलं आणि पाठीवरून हात फिरवू लागला.

"हळू, बाबा," तो म्हणाला. "सवय नाही तुम्हाला."