नानासाहेबांची पागा

गाडीतून उतरता उतरता उदयसिंहांनी पुन्हा एकदा विचारलं, की रालामंडलला गेलं तर नाही का चालणार? तिथे रस्ता चांगला आहे, सावली आहे. नानासाहेबांनी हसून हात झटकला. मानपुरपर्यंत येऊन मागे फिरणं म्हणजे भरल्या ताटावरून उठणं, असं म्हणत ते सगळ्यांच्या पुढे चालूही लागले.

अस्मिताचा जीव तिथेच अर्धा झाला.

नानासाहेब तिचे वडील. उदयसिंह विक्रांतचे वडील, सांवेर रोडला त्यांचा नट-बोल्टचा कारखाना. विक्रांत अस्मिताला मनापासून आवडला होता आणि तीही त्याला आवडली होती, हे सांगायला ज्योतिषी नको होता. पाहण्याचा कार्यक्रम झाला होता, पत्रिकाही जुळली होती. आता फक्त उदयसिंहांचा होकार यायचा होता, आणि तो आज संध्याकाळी कळायचा होता. पाहायला आले तेव्हा पोह्यांवर शेव घेत ते एवढंच म्हणाले होते, "हुंडा नको, मानपान नको. बस, आमच्या घरात झूठ चालत नाही."

आणि नानासाहेब आज नेमके त्यांना आपली जहागीर दाखवायला निघाले होते.

जहागीर म्हणजे काय, तर ओढ्यापलीकडच्या माळावर एक दगडी पागा, धान्याची कोठी आणि मोटेची विहीर. इंदूरच्या मराठी घरांत ज्याचे पणजोबा होळकरांच्या फौजेत नव्हते असा माणूस शोधूनच काढावा लागेल. नानासाहेबांचे पणजोबा तर, त्यांच्या सांगण्याप्रमाणे, घोडदळात होते आणि हे सगळं त्यांना इनाम मिळालं होतं. अस्मिता कॉलेजच्या सहलीत इथे आली तेव्हा तिला कळलं, की या इमारती कापसाच्या एका व्यापाऱ्याने बांधल्या आणि आजही त्या त्याच्याच पणतूंकडे आहेत. घरी तिने हे कधी बोलून दाखवलं नाही. ती गोष्ट सांगताना नाना इतके खुलत, की तिला धीरच झाला नाही.

काल रात्री मात्र तिने विनवून पाहिलं होतं, की नाना, फिरायला जाऊ, पण ते जहागीरवालं राहू द्या. नानासाहेबांनी मान डोलावली होती. त्यांच्या मान डोलावण्याला घरात कुणी फारशी किंमत देत नसे.

जानेवारीचं ऊन कोवळं होतं. वाट सोपी, चढ नावाला. बसलेल्या हत्तीसारखा दिसणारा काळा खडक लागला, मग ओढ्याची छोटी धार, मग हरभऱ्याचं शेत. विक्रांतच्या आई शैलजाबाई शेतवाल्याला विचारून ओंजळभर घाटे घेऊन आल्या आणि सोलून सोलून सगळ्यांच्या हातावर ठेवू लागल्या. ओढा ओलांडताना विक्रांतने अस्मिताला हात दिला आणि पलीकडे गेल्यावर सोडायचा विसरला. तिला इतकं छान वाटलं, की घटकाभर ती पागा, कोठी, पणजोबा, सगळं विसरली.

नानासाहेब विसरले नव्हते. वडाखाली पोचताच त्यांचा आवाज चढला. इथे पणजोबांचा तंबू असायचा, तिथे नगारा. भिंतीतल्या लोखंडी कड्या दाखवून त्यांनी चाळीस घोडी उभी केली. कड्या बैलांच्या होत्या, पण बैलांना विचारतो कोण? मग ते ऐटीत पागेत शिरायला गेले आणि दाराच्या ठेंगण्या चौकटीवर त्यांचं कपाळ आपटलं. मागून येणारे उदयसिंह मात्र दार येण्याआधीच वाकले.

अस्मिताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपल्याच पणजोबांच्या दारात जो कपाळ फोडून घेतो, त्याची जहागीर किती खरी, हे न कळायला समोरचा काही कुक्कुलं बाळ नव्हता.

कळलंच असणार. उदयसिंह थंडीतही घाम पुसत होते. शैलजाबाईंनी पदर तोंडाला लावला होता. विक्रांत छताच्या वाशांकडे असा निरखून पाहत होता, जणू ते त्यालाच दुरुस्त करायचे होते.

बाहेर आल्यावर नानासाहेबांनी कपाळ चोळत विचारलं, की कसं वाटलं आमचं घराणं? उदयसिंह म्हणाले, छान, बहुत छान, आता निघू या.

अस्मिताने मनाशी ठरवलं. नकार येणार असेल तर येवो, पण त्या घरात खोटं सोबत घेऊन जायचं नाही. नानासाहेब शैलजाबाईंना विहीर दाखवायला गेले तशी ती उदयसिंहांजवळ आली.

"काकासाहेब, ही जागा आमची नाही. कधीच नव्हती. नाना वाईट नाहीत हो, त्यांना ही गोष्ट फार प्यारी आहे, बस. पण तुमच्या घरात झूठ चालत नाही, म्हणून सांगितलं."

उदयसिंहांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी तिच्याकडे पाहिलंही नाही.

"राहू दे बेटा," ते हळूच म्हणाले. "चला, गाडीकडे चला. जल्दी."

संपलं सगळं, असं तिला वाटलं. डोळे भरून आले. तिने विक्रांतकडे पाहायचंही टाळलं.

तेवढ्यात कोठीमागून पागेचा म्हातारा चौकीदार काठी टेकत आला. विहिरीवरून परतलेल्या नानासाहेबांनी छाती पुढे काढली आणि मालकाच्या थाटात त्याला हाक मारली. तो त्यांच्याकडे न बघता सरळ पुढे गेला, उदयसिंहांसमोर थांबला आणि ओळखीचं हसत त्याने हात जोडले.

"राम-राम बासाब. अपने पड़दादाजी की पागा दिखाने आज फिर नए मेहमान ले आए?"